दोनशेव्या अंकाची चौकट

सोफिया, ५ नोव्हेंबर १९७९, सकाळ

नवी वही. जुनी संपली नव्हती, पण तिच्यात मे महिना आहे.

संकल्प: दोनशेव्या अंकाचं मुखपृष्ठ एका बैठकीत, एकाही फेरबदलाशिवाय. महिनाअखेर छापखान्यात. सोळा वर्षं या सिनेमा-मासिकाची कला-संपादक आहे. नटीचा फोटो, वर मासिकाचं नाव, खाली एक बारीक ओळ. यात चर्चा करण्यासारखं काय असतं ते मला कधीच कळलेलं नाही.

फोटो ठरलेला आहे. बिल्याना राइचेवा, खिडकीपाशी, हसताना. ल्युबेनने एप्रिलमध्ये काढलेला, त्याच्या शेवटच्या रोलमधला. चांगला आहे. बायको म्हणून म्हणत नाही. बायको म्हणून मी त्याच्या फोटोंना कधी चांगलं म्हटलेलं नाही.

दुपार

बैठक. संपादक स्तोइलोव म्हणाला, दोनशेवा अंक आहे, मुखपृष्ठावर फोटोग्राफरचं नाव छापू. ठीक. मग म्हणाला, आणि या वेळी तरी नावाला चौकट टाका, द्रागोवाबाई.

नावाभोवती बारीक काळी चौकट टाकायची रीत आहे, सगळीच मासिकं टाकतात. ज्यांच्याकडून आता नवीन काम यायचं नाही, त्यांच्या नावाला. मला माहीत आहे. मे महिन्यातला प्रकार झाल्यापासून ल्युबेनचे फोटो पाच अंकांत आले आणि पाचही वेळा मी चौकट टाकलेली नाही. कारण निव्वळ मांडणीचं आहे. सहा पॉइंटांचा टाइप, त्याला चारी बाजूंनी रेघ मारली तर अक्षरं गुदमरतात.

स्तोइलोव म्हणाला, बाई, वाचक त्याला पत्रं पाठवतात. मेलेल्या माणसाला लोक फिल्म कुठली वापरता म्हणून विचारतात. छायाचित्रकार संघाने त्याला वार्षिक सभेचं बोलावणं धाडलंय.

मी म्हटलं, मग संघाचीही काही तक्रार दिसत नाही.

कुणी हसलं नाही. स्तोइलोव म्हणाला, चौकट नसेल तर मुखपृष्ठ मी दुसऱ्या कुणाकडून करून घेईन. स्तोइलोव अवघा अडतीस वर्षांचा आहे. ल्युबेनचा फोटो दुसऱ्या कुणाच्या कात्रीखाली जाणार नाही. हे वहीत लिहून ठेवते म्हणजे झालं.

६ नोव्हेंबर

स्नानगृहात जाऊन आले. दर मंगळवारी सार्वजनिक स्नानगृहातच जाते. घरच्या बाथरूममध्ये ल्युबेनची डार्करूम आहे. टबवर फळी, फळीवर ट्रे, वर दोरीला चिमटे लावून टांगलेले फोटो. ते सगळं आवरायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. मुखपृष्ठ झालं की आवरीन. तोवर तिथेच बरं. पाणी गरम असतं, चालणंही होतं.

संध्याकाळी बाथरूममधून टक् असा आवाज आला. ट्रेच्या काठावर चिमटा टेकवल्यासारखा. इमारतीचे पाइप जुने आहेत.

८ नोव्हेंबर

पहिला लेआउट. चेहरा मध्यभागी, भोवती पांढरा समास. पण चेहरा कागदावर थांबेना. घसरतोय असं वाटत राहिलं. मग चारी बाजूंनी काळी चौकट आखली, चार मिलिमीटर जाड. एकदम जागच्या जागी बसला. हेच हवं होतं.

घरी येताना रस्ताभर निधनाची पत्रकं पाहिली, गेलेल्या माणसाचे घरचे लावतात ती. झाडांवर, दारांवर, विजेच्या खांबांवर. मध्ये फोटो, भोवती काळी पट्टी, खाली नाव, चाळीस दिवस, एक वर्ष, पाच वर्षं. एवढ्या वर्षांत कधी नीट पाहिली नव्हती. मांडणी भयंकर. पट्टी फार जाड, एका कागदावर तीन-तीन प्रकारचे टाइप. एका म्हाताऱ्याचा फोटो लग्नातल्या फोटोतून कापलेला, शेजारच्या बाईचा खांदा तसाच राहिलाय. अख्ख्या शहरात एवढं वाईट काम लटकलंय आणि कुणी काही बोलत नाही.

आमच्या दारासमोरच्या झाडावर चार टाचण्या आहेत, कागद नाही. जूनमधल्या. पावसाने कागद गेला. टाचण्या काढायला हव्यात, मुलांना लागतील.

९ नोव्हेंबर

लेआउट टेबलावर ठेवला. इल्का, आमची सेक्रेटरी, कॉफी घेऊन आली. तिने पाहिलं आणि ट्रे तसाच खाली सोडला. म्हणाली, अगं आई गं, बिल्याना कधी गेली?

अपशकुन टळावा म्हणून स्तोइलोवने टेबलाच्या लाकडाला खालून तीनदा टकटक केलं. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आहे. म्हणाला, बाई, ती जिवंत आहे. परवा स्टुडिओच्या कँटीनमध्ये माझ्यासमोर दोन वाट्या राजम्याचं सूप प्यायली.

मी समजावून सांगितलं की चौकटीने पानाला शिस्त येते. तो म्हणाला, नावाला टाकायची ती चौकट तुम्ही नटीला टाकलीत.

याला काही अर्थ आहे का? ग्राफिक्समधलं ओ की ठो कळत नाही माणसाला.

११ नोव्हेंबर, रविवार

त्सोंका आली. ल्युबेनची धाकटी बहीण. भाजलेल्या मिरच्यांची बरणी घेऊन आली आणि तिच्यासोबत सूचना. चौदाला सहा महिने होतात, वहिनी. स्मरणाचे गहू मी शिजवते. दारावर नवीन पत्रक लावायला हवं, त्याला फोटो हवा.

मी म्हटलं, फोटो नाही. फोटो काढणारा माणूस कॅमेऱ्याच्या मागे असतो. चाळीस दिवसांच्या पत्रकाला ओळखपत्रावरचा लावला होता, त्यात तो पाकीट मारताना पकडल्यासारखा दिसतो. तो पुन्हा लावणार नाही.

त्सोंका म्हणाली, या घरात निगेटिव्हची पोती आहेत पोती, आणि माझ्या भावाचा एक फोटो नाही? जन्मात एकदा तरी कॅमेरा हातात घ्यायचास की गं.

मी म्हटलं, कॅमेरा त्याचा होता.

मग ती हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये शिरली, मी अडवायच्या आत. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. फोटो पक्के करायच्या त्या हायपोची वाफच तशी आहे. म्हणाली, निदान खिडकी तरी उघड. मी म्हटलं, खिडकी उघडली तर फोटो वळतात.

१४ नोव्हेंबर

त्सोंकाने ऑफिसात पातेलंभर गहू पाठवले, साखर आणि अक्रोड घातलेले. सगळ्यांनी कागदी पेल्यांतून खाल्ले. ब्रँडीची बाटली निघाली. पिण्याआधी प्रत्येकाने ल्युबेनसाठी थोडी जमिनीवर सांडली. त्याने छापखान्यात केलेले विनोद सांगून झाले. त्यातले दोन मला ठाऊक नव्हते. हे विनोद तो घरी का आणत नसे?

मी सांडली नाही. लाकडी जमीन आहे, चिकट होते. इल्काला पुसायला सांगितलं. तिने पुसली नाही.

दुपार

दुसरा लेआउट. चौकट नको म्हणतात ना, मग फोटोच मोठा करायचा, म्हणजे चौकटीची गरजच उरत नाही. हनुवटी गेली, केस गेले. डोळे राहिले. बरंच बरं दिसतंय.

१५ नोव्हेंबर

आणखी मोठा केला. एकच डोळा. धाडसी आहे.

बुबुळात काहीतरी आहे.

भिंग लावून पाहिलं. उभा माणूस. रुंद खांदे, डोकं किंचित डावीकडे कललेलं, बटण दाबायच्या आधी कलतं तसं.

म्हणजे त्याचा फोटो होता. मी शोधत नव्हते. फिल्मचे दाणे किती फुटतात ते तपासत होते, त्यात सापडला.

१६ नोव्हेंबर, दुपार

डोळ्याची मोठी प्रिंट स्वतः काढली. स्टुडिओतल्या लॅबवर भरवसा नाही. ल्युबेनचे ट्रे, ल्युबेनचा एन्लार्जर. कामाच्या निमित्ताने मी आत गेले, एवढंच. लाल बल्ब आधीच गरम होता. सकाळी मीच लावून विसरले असेन.

कागद ट्रेमध्ये सोडला. आधी काहीच नाही. मग खांद्याची कड वर आली. मग दुसरा खांदा. पाण्याखालून कुणी वर यावं तसा आला. शेवटी डोकं.

अडचण अशी की जितकं मोठं करावं तितका तो फुटतो. जवळून नुसते दाणे, राखाडी वाळू. दाराशी जाऊन उभं राहिलं की पुन्हा माणूस होतो. तीनदा पुढेमागे केलं. दाराशी उभी असताना त्याने मान वर केल्यासारखं वाटलं. लाल उजेडात डोळे लवकर थकतात.

दाराशीच स्टूल नेऊन बसले. कॉफी तिथेच घेतली. दोन कप आणले होते, सवयीने. दुसरा मीच प्यायले, वाया कशाला घालवा.

१७ नोव्हेंबर

डोळ्याचा लेआउट पक्का. बुबुळ पानाच्या मधोमध, काळंभोर. त्यात तो. नाव वेगळं छापायची गरजच उरत नाही, म्हणजे चौकटीचाही प्रश्न मिटला. अशी गोष्ट सुचायला सोळा वर्षांचा अनुभव लागतो.

१९ नोव्हेंबर

दाखवला.

स्तोइलोव म्हणाला, आपण डोळ्यांच्या दवाखान्याचं मासिक काढतो का? मी म्हटलं, हा बिल्यानाचा डोळा आहे. तो म्हणाला, बिल्यानाला माहीत आहे का? आणि हा मध्ये कोण?

सगळंच बोलून दाखवायचं तर मुखपृष्ठ कशाला काढायचं?

तेवढ्यात छापखान्याचा गेत्सो आत आला, आमचा खिळे जुळवणारा जुना जुळारी, पानांची प्रुफं घेऊन. त्याने चष्मा कपाळावर चढवला, लेआउट हातभर लांब धरला आणि ओरडला, अरे, हा तर ल्युबेन! लेका, कुठे दडून बसला होतास तू?

मग गेत्सोने लेआउट हळूच टेबलावर ठेवला, तोंड वर करून ठेवलेल्या माणसासारखा. इल्का बाहेर निघून गेली.

स्तोइलोव माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला. हे मला अजिबात खपत नाही. म्हणाला, बाई, काळ्या पानात ल्युबेनचा फोटो. हे तुमच्या दारावर लावायचं पत्रक आहे, आमचं मुखपृष्ठ नाही. थोडे दिवस सुट्टी घ्या.

मी म्हटलं, काम अर्धं टाकून जायची माझी पद्धत नाही. तो म्हणाला, मग बिल्यानाला दाखवा. चेहरा तिचा आहे. ती हो म्हणाली तर मी छापतो.

उत्तम. ती कलावंत आहे. तिला कळेल.

२० नोव्हेंबर

स्नानगृह. शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं, एकट्याच येता? मी म्हटलं, मुखपृष्ठाचं काम चालू आहे. ती म्हणाली, बरं.

२२ नोव्हेंबर

बिल्याना आली. पडद्यावर नाजूक दिसते. प्रत्यक्षात खांदे मजबूत, आवाज भाजीबाजारातला. आल्या आल्या माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मी प्रिंट तिच्यासमोर ठेवली.

म्हणाली, हे काय, चंद्र? मी म्हटलं, तुझा डोळा. तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून माणूस डोकावला. मग मी म्हटलं, बुबुळात बघ. ल्युबेन आहे.

तिने प्रिंट जवळ नेली, लांब नेली, खिडकीपाशी नेली. हसू थांबलं. म्हणाली, काकू, हे काका नाहीत. हा त्यांचा कोट आहे.

मी म्हटलं, नीट बघ.

ती म्हणाली, नीट बघितलं. दिव्याचा स्टँड होता. काकांनी त्यावर आपला कोट अडकवला आणि वर टोपी ठेवली. मला म्हणाले, पोरी, याच्याकडे बघ, हाच मी असं समज, हा माझ्यापेक्षा देखणा आहे. म्हणून तर हसतेय मी. काका स्वतः मागे खुर्चीवर बसले होते, लांब वायरचं बटण हातात घेऊन. उभं राहवत नव्हतं त्यांना. एक फोटो काढायचे आणि गुडघ्यांवर डोकं टेकवायचे. मी म्हटलं, काका, पुरे, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाले, नेव्यानाला सांगू नकोस. ती लगेच वेळापत्रक करील.

एवढं सांगून ती रडायला लागली. नट्यांना ते येतंच. मी रुमाल दिला. तिची आठवण चुकत असणार, एप्रिलला बरेच दिवस झाले. शिवाय ही माणसं प्रसंग रंगवून सांगतात, तोच त्यांचा धंदा.

संध्याकाळ

कोट दाराजवळच्या हुकवर आहे. तिथे असायला हवा म्हणून नाही. कपाटात जागा नाही.

भिंगातून कोट पाहिला. मग प्रिंट पाहिली. कॉलरचं डावं टोक वर वळलेलं. दोन्हीकडे.

वेळापत्रक नक्कीच केलं असतं. त्यात वाईट काय आहे?

२३ नोव्हेंबर

काम नाही.

२६ नोव्हेंबर

निर्णय घेतला. अख्खा फोटो, एक मिलिमीटरही न कापता. बिल्याना, खिडकी, हसू. बुबुळात काय आहे ते तितक्या आकारात कुणाला दिसत नाही. वर मासिकाचं नाव. खाली सहा पॉइंटात दोन ओळी:

छायाचित्र: ल्युबेन द्रागोव
मांडणी: नेव्याना द्रागोवा

स्तोइलोवने पाहिलं, मान डोलावली आणि वाट बघत बसला. मी म्हटलं, चौकटीसकट देईन छापखान्यात. तो उठून उभा राहिला. कशासाठी, कोण जाणे.

२८ नोव्हेंबर

चौकट आखली. ट्रेसिंग पेपरवर, रेघपेनने, एक पॉइंट जाडीची. नेहमीची पद्धत अशी की प्रूफवर नावाला लाल वेढा घालायचा आणि समासात एक शब्द लिहायचा. कुठला शब्द ते जुळाऱ्यांना माहीत असतं. मला त्याची गरज वाटली नाही. माप असताना शब्द कशाला? ट्रेसिंग प्रूफवर ठेवला, वरच्या कडेला गोंद लावला, स्वतः छापखान्यात नेऊन दिला.

गेत्सो म्हणाला, बाई, समासात लिहा की काय ते. मी म्हटलं, चौकट दिसतेय ना? मोजा आणि टाका. तो म्हणाला, नाव तरी सांगा. मी म्हटलं, सोळा वर्षं माझ्या मापावर काम चाललंय, आज काय झालं? त्याने खांदे उडवले आणि मापायची पट्टी हातात घेतली.

मला सुटल्यासारखं वाटलं. चारही कोपरे बंद, कुठे रेघ बाहेर गेलेली नाही. ही गोष्ट मी सहा महिने उगाच लांबवली म्हणतात, त्यांना कळायला हवं की चांगल्या कामाला वेळ लागतो.

घरी येऊन बाथरूम आवरायला घेतली. दोरीवरचा पहिला फोटो काढला. अजून ओलसर वाटला. परत लावून ठेवला.

१८ डिसेंबर

अंक आला. ट्राम थांब्याजवळच्या स्टॉलवर पाहिला, इतर मासिकांमध्ये उठून दिसतो. एका बाईने घेतला, बिल्यानाकडे बघून हसली आणि पिशवीत टाकला. झालं तर. मी स्वतः घेतला नाही. छापून आलेलं काम मी पुन्हा बघत नाही, तिथे बदल करता येत नाही.

सर्दी झालीय. दोन दिवस घरीच.

१९ डिसेंबर

टेलिफोन बिघडलाय. सकाळपासून वाजतो. मी उचलते, द्रागोवा बोलतेय म्हणते, पलीकडे कुणीतरी जोरात श्वास घेतं आणि फोन बंद. पुन्हा तेच. एका माणसाने, आवाज ओळखीचा वाटला, आधी ल्युबेन, ल्युबेन अशी हाक मारली. मी हॅलो म्हटल्यावर त्याच्या हातून रिसीव्हर पडला. एका म्हातारीने तेवढा धीर धरला. म्हणाली, देवा रे, कुठून बोलतेस गं बाई? मी म्हटलं, घरून. तिनेही ठेवला.

एक्स्चेंजकडे तक्रार करायला हवी.

बाथरूममध्ये सगळं शांत. आज पाइपांचाही आवाज नाही.

२० डिसेंबर

दाराबाहेर फुलं. पांढरी शेवंती, फितीसकट. मोजली, सम निघाली. जिवंत माणसाला विषम देतात हे शाळेतल्या मुलीलाही माहीत असतं. फुलवाले अलीकडे काहीही देतात.

दुपारच्या टपालात छायाचित्रकार संघाचं पाकीट. ल्युबेनच्या नावावर. या लोकांना दोनदा कळवून झालं, म्हणून रागाने फोडलं. आत जाड कार्ड: आदरणीय सहकारी ल्युबेन द्रागोव, आपल्या पत्नीच्या निधनाने आम्हांला अतीव दुःख झाले आहे. या कठीण काळात संघ आपल्या पाठीशी उभा आहे.

कार्ड चांगल्या कागदावर आहे. टाइप जरा मोठा.

बसून वाचलं. पुन्हा वाचलं. पाठीशी उभा आहे म्हणतात. कुणाच्या? कोटाकडे पाहिलं. कोट तिथेच होता. का कोण जाणे, त्याला कळवलं नाही तर बरं असं वाटलं.

दार वाजलं. त्सोंका. जिने धावत चढून आलेली, स्कार्फ मानेवर, हातात आमचा अंक. काही न बोलता तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंधारात वस्तू चाचपावी तसा चाचपला. म्हणाली, वहिनी, तू आहेस. मी म्हटलं, सर्दी आहे, लांब हो.

तिने अंक पुढे धरला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

छायाचित्र: ल्युबेन द्रागोव. मोकळं.
मांडणी: आणि मग चौकटीत, नेव्याना द्रागोवा.

भिंग आणून पाहिलं. कोपरे चारही बंद. रेघ एकसारखी, शाई कुठे फुटलेली नाही. अक्षरं मुळीच गुदमरलेली नाहीत. काम उत्तम. फक्त एक ओळ खाली.

त्सोंका खुर्चीत बसून रडत होती आणि हसत होती. म्हणाली, सगळ्या सोफियात तू मेलीस आणि माझा भाऊ रंडका होऊन हिंडतोय. हा कुठला चित्रपट काढलास गं?

गेत्सोला फोन केला. म्हटलं, ट्रेसिंग सरकला. तो म्हणाला, बाई, तुमचा गोंद, तुमचं माप. मी मोजून टाकली. मी म्हटलं, गेत्सो, तू माझ्याबरोबर सोळा वर्षं जेवलास, मी जिवंत आहे हे तुला माहीत नव्हतं? तो म्हणाला, नाव विचारलं तर तुम्ही ओरडलात. मला वाटलं, नवऱ्यामागे बाईला स्वतःचंच नाव चौकटीत हवंय. दुःखात माणसं काहीही मागतात. मी कोण विचारणारा?

दमट हवेने गोंद सैल होतो. हे मी आधीच धरायला हवं होतं.

त्सोंका रात्रीच्या जेवणाला थांबते म्हणाली. थांब म्हटलं. जेवणाआधी ती बाथरूममध्ये जाऊन खिडकी उघडून आली. मी ताटं मांडली. सर्दीने आवाज बसला आहे.

२१ डिसेंबर

इल्काचा ऑफिसातून फोन. पुढच्या अंकात शुद्धिपत्र टाकायचंय, मजकूर तुम्हीच सांगा असं साहेब म्हणतात. मी म्हटलं, घे लिहून. सांगितलं: मागील अंकाच्या मुखपृष्ठावर चौकट चुकीच्या नावाभोवती पडली.

लिहिलं, बाई.

म्हटलं, नवीन वाक्य. छायाचित्रकार ल्युबेन द्रागोव.

पलीकडून टाइपरायटरचा आवाज येत होता, दुसऱ्या कुणाचा. तिने विचारलं, बाई, आहात ना?

मी म्हटलं, लिही. वारले.

तिने विचारलं, कधी? मी म्हटलं, चौदा मे. सकाळी. घरीच, फोटो धुताना. मी बाजारात गेले होते. हे छापायचं नाही.

नाही छापत, म्हणाली. नाक ओढलं. पुढे?

मी म्हटलं, पुढे काही नाही.

फोन ठेवून भांडी घासली. त्सोंकाचं ताट तसंच राहिलं होतं. ते पुसताना लक्षात आलं की मी जिवंत आहे हे शुद्धिपत्रात सांगायचं राहूनच गेलं.

अंक जानेवारीअखेर निघतो. उद्या कळवते. घाई नाही.